हाडांचा चहा

रविवारी फोनवर आई विचारते, "आज काय खाल्लंस?" गेल्या रविवारी मी सांगितलं, "रस्सा-भात." खोटं नव्हतं. रस्सा कसला, एवढंच सांगितलं नाही. आता लिहायलाच बसलोय तर कबूल करून टाकतो: डुकराच्या बरगड्यांचा. काकू, तुला नको असेल तर इथेच थांब. (पण थांबू नकोस. शेवटी आबांबद्दल आहे.)

तर झालं असं. ऑफिसातला माझा एक मित्र मूळचा क्लांगचा. क्लांग म्हणजे क्वालालंपूरहून लोकल गाडीने साधारण तासाभरावर असलेलं, सेलांगोरच्या सुलतानांचं जुनं गाव. तिथून पुढे समुद्रावर पोर्ट क्लांग हे बंदर. मला इथे येऊन सहा महिने झाले तरी मी बाक कुत तेह खाल्लं नाही, हे कळल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुण्यात सहा महिने राहून मिसळ न खाणाऱ्याकडे आपण पाहू. म्हणाला, "रविवारी सकाळी आठला ये. उशीर केलास तर चांगली हाडं संपतात."

सकाळी आठला मांसाचा रस्सा! पण सकाळी सकाळी तर्री ओरपणाऱ्या माणसाने त्याबद्दल काय बोलावं?

स्टेशनपासून चालत जाण्यासारखं दुकान. गोल टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे आणि आजीपासून नातवापर्यंत सगळी कुटुंबं. टेबलाशेजारी शेगडीवर पाण्याची किटली उकळत होती. मित्राने आधी चहाची पुडी निवडली, पहिलं पाणी कपांवरून फिरवून ओतून दिलं, मग दुसऱ्या पाण्याचा चहा बोटभर उंचीच्या कपांत भरला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मग वाट्या आल्या. काळपट तपकिरी रस्सा, त्यात बरगडीचे तुकडे, सोबत कांदा तळून घातलेला भात, बारीक चिरलेली मिरची आणि लसूण घातलेला काळा सोया सॉस. शिवाय तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या, रश्यात बुडवून खायच्या. आपण चहात खारी बुडवतो तशा.

वाटी नाकाशी नेली आणि पहिल्यांदा आठवला आमच्या घरचा मसाल्याचा डबा! चक्रीफूल, दालचिनी, लवंग... सगळी ओळखीची मंडळी. मग त्यांच्यामागून एक अनोळखी, काढ्यासारखा कडसर वास आला. ते तांग-कुई नावाचं मूळ. चिनी औषधांत शक्ती येण्यासाठी देतात. शिवाय लसणाचे अख्खेच्या अख्खे गड्डे, शिजून लोण्यासारखे झालेले. चव म्हणाल तर आपलं अळणी आणि बाळंतिणीचा काढा यांच्या मधली काहीतरी. पहिला घोट घेतला तेव्हा ठरवता येईना, आवडलं की नाही. तिसऱ्या वाटीला ठरलं.

आता नावाची गंमत. होक्कियन भाषेत बाक म्हणजे मांस, कुत म्हणजे हाड आणि तेह म्हणजे चहा. पण रश्यात चहाची एक पत्तीही नसते. मी विचारलं, "मग चहा कुठाय?" मित्राने किटलीकडे बोट दाखवलं. चरबी पोटात बसू नये म्हणून सोबत कडक चहा पितात, त्यावरून नाव पडलं, हे एक उत्तर. रश्याचा रंग चहासारखा, हे दुसरं. आणि क्लांगमध्ये सांगतात ते तिसरं सगळ्यात मजेदार आहे. ली बुन तेह नावाचा एक माणूस चीनच्या फुजियान प्रांतातल्या योंगचुनहून इथे आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्याने स्टेशनजवळ हा रस्सा विकायला सुरुवात केली. लोक म्हणू लागले, तेहकडचं मांस-हाड. तेह म्हणजे चहा नव्हेच, तर स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं नाव! पुढे लोक त्याला चहा समजू लागले. क्लांगमध्ये या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनीही हाच धंदा चालवला.

हा रस्सा इथेच का रुजला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात क्वालालंपूर वाढलं ते कथिलाच्या खाणींमुळे. ते कथिल समुद्रापर्यंत न्यायला १८८६मध्ये क्लांगच्या दिशेने रेल्वे टाकली. १९०१मध्ये नदीच्या मुखाजवळ नवं बंदर सुरू झालं आणि फ्रँक स्वेटनहॅम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. १९७२पासून ते पोर्ट क्लांग झालं. कथिलामागून रबर आलं. रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर आणले गेले, तर खाणींत आणि गोद्यांत चिनी मजूर मोठ्या संख्येने होते. क्लांगच्या आसपास त्यांत होक्कियन बोलणारे बरेच. दिवसभर दमट उन्हात पोती वाहायची. दमट हवा अंगात शिरते आणि सांधे धरतात, असं चिनी वैद्यक मानतं. त्यावर उपाय म्हणजे औषधी मुळ्यांचा गरम काढा. तो काढा हाडांबरोबर उकळला की औषध आणि जेवण एकाच भांड्यात. चांगलं मांस परवडत नसे, पण मांसाचे चार धागे चिकटलेली हाडं परवडत. म्हणून याला हमालांचा रस्सा म्हणतात.

मी हे सगळं मोठ्या कौतुकाने बोलत होतो. मित्र बरगडी चोखत शांतपणे म्हणाला, "माझे आजोबा बंदरात पोती उचलायचे. हे ते पगाराच्या दिवशी खायचे. एरवी भात आणि खारवलेली भाजी." आणि मग सहज विचारलं, "तुझे आजोबा काय करायचे?"

म्हटलं, "पोती उचलायचे."

खरंच की. आबा साताऱ्याकडून मुंबईला आले ते मशीद बंदरच्या गोदामांत माथाडी म्हणून. गावच्या वीसेक माणसांच्या गाळ्यात राहिले. म्हाताऱ्या मित्राला भेटावं तसा माझा मित्र खूश झाला आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला, "मग ते सकाळी कामाआधी काय खायचे?"

मला सांगता येईना.

त्याच्याकडे वाटीभर उत्तर होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं.

या रश्यावरून इथे भांडणंही चिकार. सिंगापूरवाले म्हणतात, खरं बाक कुत तेह आमचं. त्यांचं तेओच्यू पद्धतीचं: रस्सा पातळ, फिक्या रंगाचा, औषधी मुळ्यांऐवजी लसूण आणि पांढऱ्या मिऱ्यांचा ठसका. तिकडचं 'सोंग फा' १९६९मध्ये जोहोर रोडवर हातगाडी म्हणून सुरू झालं आणि पुढे त्याच्या शाखाच शाखा झाल्या. मलेशियात फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलेल्या पदार्थांत बाक कुत तेहचं नाव घातलं, तेव्हा वेगळाच वाद पेटला. बहुसंख्य मुसलमानांच्या देशात डुकराचं मांस राष्ट्रीय वारसा कसं? त्यावर उत्तर आलं, की ते कोंबडीचंही करता येतं. माझा मित्र दोन्ही बाजूंवर हसतो. तो म्हणतो, "आजोबांना कोणी विचारलं नव्हतं, की तुमचा वारसा कुठला."

परत येताना गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. बंदराला ज्याचं नाव दिलं होतं, त्या साहेबाचं नाव १९७२मध्ये गेलं. पोती वाहणाऱ्या हजारोंची नावं तर कुठेच नाहीत. पण त्यांना रस्सा वाढणाऱ्या एका माणसाचं नाव, क्लांगची गोष्ट खरी मानली तर, आजही रोज सकाळी लोकांच्या तोंडी आहे. चहा समजून का होईना.

आबांचं उलट झालं. १९६९मध्ये माथाडी कायदा आला आणि नंतर मंडळाच्या नोंदवहीत त्यांचं नाव लागलं. आईने त्यांचं पिवळं पडलेलं कार्ड अजून ट्रंकेत जपून ठेवलंय. नाव आहे, गाव आहे, अंगठा आहे. पण त्या माणसाला भूक लागायची तेव्हा तो काय खायचा, ते कुठेच नाही.

रात्री पुन्हा आईला फोन केला. तिला काय काय आठवत होतं! दाराआड खिळ्याला टांगलेला पोत्याचा आकडा. मानेखालचा घट्टा, ज्याला ते कुणाला हात लावू देत नसत. जत्रेला गावी आले की भाकरी कुस्करून रश्यात भिजवायचे आणि आधी नातवंडांना घास भरवायचे. मी म्हटलं, "ते गावचं झालं. मुंबईत सकाळी काय खायचे?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामंजींना कोण विचारणार बाबा असलं! मुंबईत काय खात होते ते मुंबईलाच माहीत."

म्हणून हे लिहितोय. नाना, तुम्ही शाळेत असताना दोन वर्षं आबांबरोबर गाळ्यात होता. पहाटे स्टोव्ह कोण पेटवायचं? खाणावळीचा डबा यायचा, की तुम्ही आळीपाळीने रांधत होता? मटण कधी व्हायचं, पगाराला की फक्त आखाडात? ते आवडीने काय खायचे? काहीही आठवलं तरी चालेल. नुसता चहा आणि पाव असला तरी चालेल.

पुढच्या महिन्यात येतोय. येताना वही घेऊन येतो. आणि हो आई, बाक कुत तेहच्या मसाल्याची पुडी पण आणतोय. कोंबडी घालून करू.