चंद्रचित्रांच्या फितींचा उद्धार

लिहून ठेविलें म्हणजे जतन झालें, असें मनुष्य सहज मानतो. परंतु लेख राहिला आणि वाचणारा गेला, तर त्या लेखाचा उपयोग काय? मोडी जाणणाऱ्यावांचून पेशवे दप्तराचे रुमाल म्हणजे नुसते कागद होत. यंत्रयुगांतील दप्तरांवरही हाच प्रसंग येतो. त्याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत घडलें.

चंद्रावर मनुष्य उतरविण्यापूर्वीं तेथील जागा पारखण्यासाठीं अमेरिकेनें १९६६ व १९६७ या दोन वर्षांत ‘लूनर ऑर्बिटर’ नांवाचीं पांच यानें धाडलीं. यान चंद्राभोंवतीं फिरतां फिरतांच फिल्म धुऊन काढी, तीवरील चित्र प्रकाशकिरणानें टिपी आणि रेडिओवाटे पृथ्वीवर पाठवी. येथें तो संदेश दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितींवर नोंदला जाई. त्या वेळीं छापलेल्या चित्रांत छायाप्रकाशाचे सारे बारकावे उतरले नाहींत. ते फितींतच राहिले. अशा सुमारें १५०० फिती जपून होत्या. पण त्या वाचणारें ‘अँपेक्स एफआर-९००’ हें यंत्र वापरांतून गेलें.

पुढें फिती नष्ट कराव्या कीं काय, असा प्रश्न निघाला. तेव्हां जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतील दप्तरपाल नॅन्सी इव्हान्स या बाईंनीं त्यास साफ नकार दिला. त्यांनीं जुनीं यंत्रेंही मिळविलीं आणि तीं अवजड धुडें वर्षानुवर्षें आपल्या घरीं सांभाळलीं. पैशाअभावीं वाचनाचें काम मात्र अडून राहिलें.

२००७ सालीं डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनीं तें हातीं घेतलें. नासाच्या एम्स केंद्राच्या आवारांतील मॅकडोनल्ड्सच्या एका बंद उपाहारगृहांत त्यांची कार्यशाळा उभी राहिली. खरी अडचण फितींपेक्षां यंत्रांत होती. एका यंत्राचे सुटे भाग दुसऱ्यास जोडावे लागले. फितीवरील खुणा उचलणारीं झिजलेलीं ‘हेडें’ कुशल कारागिरांकडून नवीं करून घ्यावीं लागलीं. एवढें करून संकेत हातीं आला, तरी त्यांतून चित्र उकलणारें ‘डीमॉड्युलेटर’ हें उपकरण उरलें नव्हतें. जुन्या कागदपत्रांच्या आधारें तेंही नव्यानें घडविलें गेलें.

नोव्हेंबर २००८ मध्यें पहिलें फळ जगापुढें आलें. २३ ऑगस्ट १९६६ रोजीं टिपलेली, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वी पूर्वीं कधीं दिसली नव्हती इतकी स्पष्ट दिसूं लागली.

यंत्रें जुनीं होणारच. म्हणून एका पिढीच्या यंत्रावरील लेख पुढील पिढीच्या यंत्रावर वेळींच उतरवून घेतला पाहिजे. तोंवर जुनें यंत्र आणि तें चालविणारा जाणकार, दोघांनाही मोडींत काढतां कामा नये.