व्यवसायोपचार नागपूरपर्यंत आला, पुढे?



आजचा शब्द जरा जड आहे. व्यवसायोपचार. ग्रामसंघाच्या बैठकीत मी तो उच्चारला, तर एक ताई लगेच म्हणाल्या, "मॅडम, त्याचं व्याज किती टक्के?" सगळ्या हसल्या. त्यांचं काय चुकलं? व्यवसाय म्हटलं की आपल्याला शेळी, शिलाई मशीन आणि कर्जाचा हप्ताच दिसतो. इथे मात्र व्यवसाय म्हणजे माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे करतो ते सगळं. तोंड धुणं, केस विंचरणं, आपल्या हातानं घास खाणं, नातवाला थोपटणं, सुपात डाळ पाखडणं, देवाजवळ दिवा लावणं. दुखण्यामुळे यातलं जे हातचं गेलं, ते थोडंफार परत कसं करता येईल हे शोधायचं आणि शिकवायचं, त्याला व्यवसायोपचार म्हणतात. इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी.

आणि मला बोलायचं आहे ते ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही अशा माणसांविषयी. लकवा मारून अंथरुणाला खिळलेली सासू. खर्रा खाऊन खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला दीर. नागपूरहून "आता घरीच सेवा करा" असं सांगून परत पाठवलेला बाप. अशा माणसाचं दुखणं हलकं करायचं, त्रास कमी करायचा, घरच्यांना आधार द्यायचा, या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. घरात ही सेवा कोण करतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

हाताच्या कामाची ही विद्या आली कुठून? पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक हातपाय गमावून, मनानं खचून परत आले. तेव्हा अमेरिकेनं बायांना शिकवून त्यांच्याजवळ पाठवलं. विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणं अशा कामांतून या बायांनी त्यांचे हात आणि मन दोन्ही हलते केले. १९१७ साली तिथे या कामाची संघटनाही उभी राहिली. टोपली विणणं हा औषधाचा भाग होऊ शकतो, हे आपल्या बुरुड भावाबहिणींना सांगितलं तर त्यांना गंमतच वाटेल.

ही विद्या आपल्या देशात आणली तीही एका बाईनं, आणि ती महाराष्ट्राची सून होती. एलिझाबेथ लुंडी हे तिचं माहेरचं नाव, माहेर अमेरिकेत. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून ती भारतात आली आणि कमला निंबकर झाली. बरीच वर्षं इथे राहिल्यावर, चाळिशी उलटल्यावर, कमलाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकून परत आल्या. त्या वयात शाळेत बसणं काय असतं, ते आपल्या गटातल्या साक्षरता वर्गाला गेलेल्या बायांना विचारा. १९५० साली मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. आशिया खंडातलीही ती पहिली मानतात. १९५२ साली भारतातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांची संघटना उभी केली. त्याच वर्षी या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, आणि तिच्या स्थापनेत जे दहा देश होते, त्यांत भारत होता. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती फक्त. मी बीएला इतिहास घेतला होता. लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं. कमलाबाईंचं नाव मात्र एकाही पुस्तकात भेटलं नाही.

पुढे १९५८ साली नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरी शाळा निघाली. म्हणजे ही विद्या विदर्भात येऊन साठ वर्षांच्या वर झाली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो चंद्रपुरातून १९८२ साली निघाला. पण शिकून बाहेर पडलेल्यांना काम मिळालं ते शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत, काही जण परदेशी गेले. सिरोंच्याहून नुसतं गडचिरोलीला यायचं तरी सुमारे दोनशे किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे. लकवा मारलेल्या माणसाला एसटीत बसवून चमचा धरायला शिकवायला तिथे कोण नेणार?

शाळा नसली तरी आपल्या भागात या विचाराची दुसरी एक वाट होती, तीही पाहिली पाहिजे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे मोठे विद्वान महारोग घेऊन गांधीजींच्या आश्रमात आले. तेव्हा या रोगावर चांगलं औषध नव्हतं आणि लोक रोग्याच्या सावलीलाही भीत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. त्या मालिशीचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: शास्त्रीबुवा आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवत. शरीर झडत होतं, तरी ते गुरुजी होते. १९४५ साली ते वारले.

मग १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झालं. बाबा आमटे, साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, ही गोष्ट चंद्रपूरच्या पोराटोरांना पाठ आहे. समाजानं टाकलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग चालवले. बोटं झडलेल्या माणसाच्या हातात कुदळ दिली तर तो काय करेल, या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं.

पण इथे मला एक अडचण वाटते आणि ती बोलून दाखवते. आनंदवनातली माणसं औषधानं रोगमुक्त होऊन पुढे वर्षानुवर्षं जगणारी होती. जो माणूस सहा महिन्यांचा सोबती आहे, त्याच्या बाबतीत "हाताला काम" हे बोलणं उलटही लागू शकतं. काम करतो तोवर माणूस, काम थांबलं की ओझं, असा हिशेब आपल्या घरांत आधीच आहे, आणि म्हातारीला तो न बोलताही कळतो. म्हणून व्यवसायोपचारातला व्यवसाय म्हणजे कमाई नाही, हे पक्कं धरलं पाहिजे. कोणतं लुगडं नेसायचं हे सांगणं, खाट कोणत्या तोंडानं टाकायची हे ठरवणं, सुनेला भाजीच्या मिठाचा अंदाज देणं, एवढंही त्यात येतं. शेवटच्या दिवसांत हात उचलला जात नाही तेव्हा एवढंच उरतं.

ही जाण आली ती दुसऱ्या बाजूनं, दुखणं शमवणाऱ्यांच्या बाजूनं. तिथेही सुरुवातीला एक बाईच. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं, म्हणून दवाखान्यात समाजसेविका झाल्या. मरणाऱ्या रोग्यांच्या वेदनेकडे कुणी नीट लक्ष देत नाही हे पाहून पुढे त्या डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी अशा रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे घर सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की वेदना नुसती अंगाची नसते. पैशाची काळजी, लेकराबाळांची चिंता, आपण निरुपयोगी झालो हे दुःख, सगळं त्या वेदनेत मिसळलेलं असतं. तेव्हा औषध वेळेवर द्यायचं आणि बाकीच्याकडेही पाहायचं. आपल्या देशातलं असं पहिलं घर म्हणजे मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ सालचं.

मुंबईचं घर मुंबईला. खेड्यातल्या माणसासाठी रस्ता दाखवला केरळनं. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था काढली. काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की रोगी घरी आहे, तर सेवाही घरी गेली पाहिजे, आणि एवढे डॉक्टर कुठून आणायचे? मग गावातल्याच माणसांना शिकवलं. आठवड्यातले थोडे तास देणारे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या बाया. नर्स येते, औषध-मलमपट्टी पाहते. गावचे लोक बोलायला बसतात, पोरांची फी, घरचं रेशन यांकडे पाहतात, रोग्याच्या हाताला जमेल असं काही काम आणून देतात. २००८ साली केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. वाचताना मला सारखं वाटत होतं, ही तर आपल्या गटांचीच रचना आहे.

आता आपल्या गडचिरोलीकडे येऊ. शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. १,५९९ मृत्यू झाले होते, त्यांतले २२९ लकव्याचे. कोणत्याही दुसऱ्या एका कारणापेक्षा जास्त. आपण समजत होतो की जंगल भागात माणसं मलेरियानं नाही तर सापानं मरतात. लकव्यानं गेलेल्या दर १०० जणांपैकी ८७ घरीच गेले. आणि झटका आल्यापासून पहिल्या महिन्यात गेले ते १०० पैकी ४६. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं महिनाभरापेक्षा अधिक, कुणी कितीतरी अधिक, घरात होती. तो सगळा काळ त्यांच्याजवळ कोण होतं? कुणी त्यांना उठून बसायला शिकवलं का?

कुरखेड्याकडच्या एका गावात मी एक मावशी पाहिली. उजवं अंग गेलेलं. सून चांगली, अगदी मायेची. ती मावशीला काहीच करू देत नव्हती. आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवून, आडवं ठेवूनच घास भरवायची. मावशीला ठसका लागायचा, दोघी रडकुंडीला यायच्या. एका शिकलेल्या नर्सताईनं येऊन तीनच गोष्टी केल्या. खाट छपरीत आणवली. पाठीला तांदळाचं पोतं टेकवून मावशीला ताठ बसवलं. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला आणि डाव्या हातात दिला. पहिले चार दिवस निम्मी भाजी लुगड्यावर. पुढे मावशी लाखोळीच्या डाळीतले खडे डाव्या हातानं वेचू लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागली. ती बरी झाली नाही. चार महिन्यांनी गेली. पण सून मला म्हणाली, "मॅडम, शेवटी शेवटी सासूबाई मला पुन्हा रागवायला लागल्या होत्या." हे सांगताना ती हसत होती.

अशा युक्त्या पुष्कळ आहेत आणि त्यांना पैसा फार लागत नाही. झंपर घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. लुळा हात धरून कधीच ओढायचा नाही, खांदा दुखावतो आणि ते दुखणं जन्माचं होतं. खाट फार खाली असेल तर पायांखाली पक्क्या विटा बसवून उंची वाढवायची, म्हणजे उठताना जोर कमी लागतो. न्हाणीत आणि संडासच्या वाटेवर बांबूचा आडवा कठडा. बांबूची आपल्याकडे काय कमी? लाकडी खुर्चीची बैठक मधून कापून खाली भांडं ठेवलं की रात्रीची पंचाईत मिटते. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी आपण वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास गिळताना दरवेळी ठसका लागत असेल तर मात्र घरगुती युक्ती करत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

कॅन्सरच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे हात चालतात, ताकद पुरत नाही. हे गटातल्या बाईला लगेच समजेल. समजा सकाळी त्याच्या गाठी ताकदीचे दहा रुपये आहेत. सात रुपये उभं राहून आंघोळ करण्यात गेले, तर नात शाळेतून आल्यावर तिच्याशी बोलायला काय उरणार? मग आंघोळ बसून, तीही एक दिवसाआड, आणि उरलेले रुपये त्याला जिथे खर्चायचे आहेत तिथे. कुठे खर्चायचे ते त्यानं ठरवायचं, आपण नाही. एखाद्याला फक्त बोडीवर जाऊन आपल्या धानाची रोवणी पाहायची असते. एखाद्याला मंडईच्या रात्री नाटकाच्या मांडवात तासभर बसायचं असतं. घरचे म्हणतात, एवढ्या दुखण्यात नाटक कशाला? अहो, झाडीपट्टीच्या माणसाला ते विचारायचं असतं का?

आणि दुखत असेल तर आधी दुखणं थांबलं पाहिजे. कळ येत असताना कुणाच्यानं काही होत नाही. कॅन्सरच्या जोरदार वेदनेवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन मिळतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळवणं फार कठीण झालं होतं. २०१४ साली त्या कायद्यात बदल करून वाट थोडी मोकळी केली. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यायचं असतं. पण "याची सवय लागेल" म्हणून मरणाऱ्या माणसाला तळमळत ठेवू नका.

२०१२ साली केंद्र सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्याच वर्षी महाराष्ट्रानंही आपलं धोरण केलं. आज गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या सेवा मिळायला हव्यात, त्यांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लकव्यानं कायमचं अपंगत्व आलेल्यानं प्रमाणपत्र काढलं असेल, तर कुबडी किंवा भांड्याची खुर्ची त्यातून मागता येते. येत्या ग्रामसभेत हा विषय ग्रामसंघाच्या लेटरहेडवर लिहून द्या आणि पोच घ्या. आशाताईंना सोबत घेऊन आपल्या वॉर्डात अंथरुणावर कोण कोण आहे याची वही करा. नाव, वय, घरात सेवा कोण करतं, आणि शेवटच्या रकान्यात, त्या माणसाला स्वतःच्या हातानं काय करावंसं वाटतं. तो रकाना सुनेला विचारून भरू नका, खाटेजवळ बसून भरा.