कर्करोगाचा शोध आणि सरकारी तिजोरी : महाराष्ट्राचा अनुभव

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात कुणाला कर्करोग झाल्याचे निदान झाले, की त्याची नोंद सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून चालणाऱ्या जिल्हा कर्करोग नोंदणीत व्हायची असते. रुग्णाने उपचार सेवाग्रामला घेतले, सावंगीला घेतले, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात घेतले किंवा पुलगावहून रेल्वेने थेट मुंबई गाठून परळच्या टाटा रुग्णालयात घेतले, तरी राहण्याचा पत्ता वर्धा जिल्ह्याचा असेल तर तो याच जिल्ह्याचा रुग्ण धरला जातो. नोंदणीचा हा कार्यक्रम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे केंद्र सरकारचा आहे. कर्करोगावरील औषधांची चर्चा होते तेव्हा अशा नोंदींची आठवण सहसा कुणाला होत नाही. पण कोणता कर्करोग कुठे, कोणत्या वयात आणि किती जणांना होतो हे माहीत नसेल, तर शोध नेमका कशाचा घ्यायचा हेच ठरवता येत नाही. या कामातून कुणाला नफा होत नाही, म्हणून ते सार्वजनिक पैशानेच करावे लागते. कर्करोगाच्या संशोधनात सरकारने पुढाकार घ्यावा का, त्यावर सरकारी पैसा खर्च व्हावा का, या प्रश्नाचे महाराष्ट्रातले उत्तर अशाच कामांच्या इतिहासातून मिळते.

या इतिहासाची सुरुवात मात्र सरकारने केली नाही. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. १९३२ मध्ये दोघांच्या नावे न्यास उभे राहिले. लेडी टाटा स्मारक न्यास ल्युकेमियावर काम करणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांना मदत देऊ लागला. दोराबजी टाटा न्यासाने मुंबईत परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. त्या काळात जगभर साधारण अशीच परिस्थिती होती. ब्रिटनमध्ये कर्करोग संशोधनाचा मोठा भार देणग्यांवर चालणाऱ्या संस्था उचलत होत्या. राष्ट्रीय सरकारने कायदा करून कर्करोगासाठी वेगळी संशोधन संस्था काढण्याचा निर्णय अमेरिकेने १९३७ साली घेतला, तेव्हा ती गोष्ट नवी होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९५७ मध्ये टाटा रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. रुग्णालय अणुऊर्जेकडे का, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे एक कारण किरणोपचारांत आहे : कोबाल्टसारखी किरणोत्सारी द्रव्ये, ती हाताळणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांची यंत्रे या विभागाकडे होती. दुसरे कारण कारभाराचे. होमी भाभांच्या विभागात संशोधनाला सलग पैसा आणि बरीच मोकळीक मिळे. साध्या सरकारी रुग्णालयाला हे क्वचितच लाभते. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र करून टाटा स्मारक केंद्र झाले. न्यासाने पाया घातला नसता तर हे केंद्र कदाचित उभेच राहिले नसते, हे मान्य करायला हवे. पण कर्करोगावरील संशोधनाला वर्षानुवर्षे, कधी पिढ्यान्पिढ्या वाट पाहावी लागते आणि इतका काळ खर्चाचा भार वाहण्याची ताकद सरकारी तिजोरीतच होती.

या केंद्राच्या सुरुवातीच्या कामावर मराठी माणसांचा ठसा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे विकृतिशास्त्रज्ञ संशोधन केंद्राचे पहिले संचालक. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने तिथल्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचा त्यांनी अभ्यास केला. डॉ. कमल रणदिवे (जन्म पुणे, १९१७) यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रशिक्षण घेतले आणि परत येऊन देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा परळला उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होता. धोतराच्या कर्करोगावर परदेशातल्या कुठल्याही संस्थेने पैसा खर्च केला नसता. इथल्या माणसांच्या आजाराचा प्रश्न इथल्याच संस्थेने विचारला, म्हणून तो विचारला गेला.

या प्रश्नांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तंबाखूचा. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली दाखवला. तो अभ्यास तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी झाला होता. पण भारतात तंबाखू ओढण्याइतकीच चघळली जात होती. संघवी, राव आणि खानोलकर या मुंबईच्या संशोधकांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा व अन्ननलिकेचे कर्करोग यांचा संबंध मांडला. नाचणगावच्या कुठल्याही पानठेल्यावर आज मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण, याच प्रश्नाचे वैदर्भीय रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पुढे तंबाखूयुक्त पानाला आणि २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगजनक ठरवले.

निष्कर्ष १९५५ साली हाती आला, तरी महाराष्ट्र सरकारने गुटखाबंदी केली ती २००२ साली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१२ च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन राज्याने बंदी पुन्हा लागू केली. बंदी असूनही विदर्भातल्या गावागावांत खर्रा उघड विकला जातो. कर्करोगाचे कारण शोधून काढण्याचे काम सार्वजनिक पैशाने वेळेवर झाले, पण त्या शोधावर कृती करायला त्याच सार्वजनिक व्यवस्थेला जवळजवळ अर्धे शतक लागले. सरकारने संशोधनात पुढाकार घ्यावा असे म्हणताना ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

कर्करोगांच्या मोजणीलाही मुंबईतूनच सुरुवात झाली. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत सुरू केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम आला. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून मोजणी होऊ शकते, पण खेड्यातली बाई रुग्णालयापर्यंत पोचतच नसेल तर मोजणार काय? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. याचा एक अनपेक्षित लाभ झाला : गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. महागडे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. नुसत्या माहितीने हा फरक पडला.

याच भागात पुढे मोठा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला : एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. तिथे चाचणी होती फक्त व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लाची, म्हणजे ॲसेटिक ॲसिडची. ते गर्भाशयमुखावर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

हे दोन्ही प्रयोग महाराष्ट्राच्या अभिमानाचे आहेत, पण त्यांचा पैसा बाहेरून आला. उस्मानाबादला गेट्स प्रतिष्ठानकडून आणि मुंबईला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून. ज्या गटांतल्या स्त्रियांची तपासणी झाली नाही त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीकाही झाली आणि ती गंभीर होती. आपल्या बायाबापड्यांवर होणाऱ्या संशोधनाचा खर्च आपले सरकार करत असते, तर त्याचे नियम ठरवण्याची आणि निष्कर्ष लगेच सर्वांपर्यंत नेण्याची जबाबदारीही त्याच्यावर थेट आली असती.

कंपन्या ज्या प्रश्नाकडे पाहत नाहीत तो सार्वजनिक संस्था विचारते, याची उदाहरणे अलीकडच्या काळातही सापडतात. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मानेतल्या गाठी लगेच काढाव्या की दिसू लागल्यावर, या जुन्या वादाचा निकाल टाटा केंद्राने २०१५ साली लावला. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०२३ साली याच केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात असे आढळले, की स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन हे जुने, अत्यंत स्वस्त भुलीचे औषध टोचले तर कर्करोग परत येण्याचे प्रमाण घटते. लिग्नोकेनची मक्तेदारी कुणाकडे नाही. त्यावर एवढी मोठी चाचणी करून कोणत्याही कंपनीला काही मिळाले नसते.

म्हणून खाजगी उद्योग नकोच, असे म्हणता येणार नाही. पॅक्लिटॅक्सेल हे औषध अमेरिकी सरकारच्या वनस्पतिशोध कार्यक्रमातून सापडले, पण ते बाजारात आणले एका कंपनीने. प्रश्न किमतीचा उरतो. सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची दुसऱ्या कंपनीला मुभा, दिल्यावर ते ८,८८० रुपयांना मिळू लागले. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना उचलून धरला. रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशींचा वापर करणारा नेक्सकार १९ हा उपचार मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा केंद्राने सरकारी अनुदानाच्या आधारे विकसित केला. त्याला २०२३ साली मंजुरी मिळाली. परदेशी उपचारांच्या तुलनेत तो कितीतरी स्वस्त आहे, तरी त्याचा खर्च लाखांच्या घरात असल्याने नाचणगावच्या कापूस शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचाच राहतो.

उपचारांचा भार कसा वाटायचा याचा एक पाठ वर्धा जिल्ह्यातच आहे. डॉ. सुशीला नायर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. त्यांनी १९६९ साली सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. त्याच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा आणि उरलेला पाव कस्तुरबा आरोग्य सोसायटीचा, अशी घडी बसवली गेली. त्याच संस्थेने आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपात हप्ता घेणारी आरोग्यविमा योजनाही चालवली. सुगीच्या दिवसांत शेतकरी आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि त्या बदल्यात रुग्णालयात सवलत मिळे. २०१२ नंतर राज्याच्या जीवनदायी आणि पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च उचलायला सुरुवात केली.

आता उणीव आहे ती शोध लागण्याची नव्हे, तो पोचवण्याची. २०१६ साली केंद्र सरकारने तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. उस्मानाबादचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन दहा वर्षे उलटल्यावर, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेली आढळली.