तळटीप : मिरचीच्या पथारीवरची नजर

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची पायाशी सुटी सुटी दिसते. देठ, सुरकुत्या, मधली माती, सारे स्पष्ट. नजर पुढे नेली की मिरची दाट होत जाते आणि शेवटी सपाट लाल पट्टा उरतो. नजर मिरच्या मोजते म्हणून दाटी कळते, हा समज पटण्याजोगा नाही. दृष्टीच्या एका अंशात उजेड-अंधाराची किती आवर्तने मावतात, ती अवकाशीय वारंवारता. आणि वेगवेगळ्या वारंवारतांना प्रतिसाद देणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रणा मेंदूत असतात. दाटी बदलली की त्यांच्या प्रतिसादांचा तोल बदलतो, तो आपल्याला जाणवतो. ब्लेकमोर आणि कॅम्पबेल या संशोधकांनी १९६९ साली अशा वेगवेगळ्या यंत्रणांचा भक्कम पुरावा दिला : एकाच जाडीचे ठळक पट्टे काही वेळ पाहिल्यावर त्या जाडीचे फिके पट्टे दिसेनासे होतात, खूप जाड किंवा खूप बारीक मात्र पूर्वीसारखेच दिसतात. हा डोळ्याचा नुसता शीण, असे कोणी म्हणेल. पण मग सगळेच पट्टे सारखे मंदावले असते. शिवाय एका डोळ्याने पाहिल्याचा परिणाम दुसऱ्या डोळ्यातही उतरतो, म्हणजे मूळ डोळ्यात नसून मेंदूत आहे. लांबचा लाल पट्टा ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे डोळ्याचीच मर्यादा आड येते. ५७ मीटरवर एका अंशात साधारण १ मीटर मावतो. दर २ सेंटीमीटरला एक मिरची धरली तर ५० आवर्तने झाली, आणि निरोगी डोळा ५० ते ६० च्या पुढे सहसा जात नाही. त्यातही पथारी जमिनीवर आडवी, नजरेला तिरपी. त्यामुळे उभ्या माणसाला मागेपुढे असलेल्या मिरच्यांमधले अंतर दहाएक मीटरवरच दिसेनासे होते.