छायाचित्रणातील सूर्य-चंद्र नियोजन

छायाचित्रणातील सूर्य-चंद्र नियोजन म्हणजे एखाद्या ठिकाणाहून विशिष्ट वेळी सूर्य किंवा चंद्र आकाशात नेमका कोठे असेल, याची आगाऊ गणना करून बाह्य छायाचित्रणाची जागा, तारीख व वेळ ठरविण्याची पद्धत होय. निसर्गचित्रण, वास्तुचित्रण आणि खगोलछायाचित्रण या शाखांमध्ये तिचा विशेष उपयोग होतो. सूर्य आणि चंद्र यांच्या स्थिती बरीच वर्षे आधी अचूक सांगता येतात. मात्र अपेक्षित योग काही मिनिटेच टिकतो आणि तो हुकल्यास पुन्हा येण्यास कित्येक महिने, तर कधी अनेक वर्षे लागतात. म्हणूनच या क्षेत्रात पूर्वगणनेला महत्त्व आहे.

मूलभूत संकल्पना

आकाशातील ज्योतीचे स्थान दोन कोनांनी सांगितले जाते. उत्तर दिशेपासून पूर्वेकडून क्षितिजावर मोजलेल्या कोनास दिगंश, तर क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनास उन्नतांश म्हणतात. पूर्वेचा दिगंश ९०°, दक्षिणेचा १८०° आणि पश्चिमेचा २७०° असतो. हे दोन कोन निरीक्षकाचे अक्षांश व रेखांश, तारीख आणि वेळ यांवर अवलंबून असतात.

सूर्य वर्षातून केवळ संपातदिनांच्या सुमारास, म्हणजे मार्च व सप्टेंबर महिन्यांत, जवळजवळ नेमक्या पूर्वेस उगवतो. मुंबईच्या अक्षांशावर (सुमारे १९° उत्तर) सूर्योदयाचा दिगंश जूनमधील सुमारे ६५° पासून डिसेंबरमधील सुमारे ११५° पर्यंत बदलतो. दोन अयनदिन वगळता सूर्य एकाच दिगंशावर वर्षातून दोनदा उगवतो किंवा मावळतो. या दोन तारखा अयनदिनाच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतरावर असतात.

प्रकाशाचे कालखंड

सूर्य क्षितिजाखाली ६° जाईपर्यंतच्या संधिप्रकाशास नागरी, १२° पर्यंतच्या संधिप्रकाशास नाविक आणि १८° पर्यंतच्या संधिप्रकाशास खगोलीय संधिप्रकाश म्हणतात. छायाचित्रकारांमध्ये रूढ असलेला ‘गोल्डन अवर’ हा काळ साधारणपणे सूर्य क्षितिजावर ६° असल्यापासून क्षितिजाखाली ४° जाईपर्यंत, तर ‘ब्लू अवर’ त्यानंतर ६° खाली जाईपर्यंत धरला जातो. या व्याख्या काटेकोर नाहीत.

‘अवर’ हा शब्द असला तरी हे काळ तासभर टिकतातच असे नाही. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरतो, तर उच्च अक्षांशांवर तो तिरका उतरतो. संपातदिनी मुंबईत सूर्य तासाला सुमारे १४° उतरतो; त्यामुळे तेथे गोल्डन अवर सुमारे ४२ मिनिटांचा आणि ब्लू अवर ८ ते ९ मिनिटांचा असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये हे दोन्ही काळ सुमारे दीडपट मोठे असतात. त्यामुळे युरोपातील छायाचित्रकारांसाठी लिहिलेली वेळापत्रके भारतात जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

चंद्राचे नियोजन

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. त्याची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी, म्हणजे क्रांतिवृत्ताशी, सुमारे ५° चा कोन करते आणि या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या आवर्तनात फिरतो. परिणामी चंद्रोदयाची दक्षिणोत्तर व्याप्ती दरवर्षी बदलते. मुंबईच्या अक्षांशावर ती या आवर्तनाच्या एका टोकास सुमारे ६०° ते १२०°, तर दुसऱ्या टोकास सुमारे ७१° ते १०९° असते. गतवर्षी चंद्र ज्या शिखरामागून उगवला, तेथूनच तो यंदाही उगवेल असे गृहीत धरता येत नाही.

प्राथमिक अंदाजासाठी तिथी उपयोगी पडते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर १२° ने वाढले की एक तिथी पूर्ण होते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास सूर्यास्ताच्या वेळी चंद्र डोक्यावर किंवा त्याच्या आसपास असतो, तर पौर्णिमेस तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्तापूर्वी उगवलेला असल्याने भूदृश्यावर अद्याप प्रकाश असतो आणि चंद्र व भूदृश्य यांच्या तेजस्वितेतील तफावत कमी राहते. संकष्टी चतुर्थीस चंद्रोदय रात्री होतो; त्या वेळी भूदृश्य अंधारात गेलेले असते. मराठी दिनदर्शिकांत संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात, परंतु छायाचित्रणासाठी त्यासोबत दिगंशही ठाऊक असावा लागतो.

चंद्राचा आकार व अंतर

सूर्य आणि चंद्र या दोघांचाही कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटणाऱ्या चंद्रबिंबाचा व्यास लेन्सच्या नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतका असतो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने तो ०.२ मिलिमीटर, तर ६०० मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे ५.५ मिलिमीटर येतो. चित्रात चंद्र भव्य दिसावा यासाठी दीर्घ नाभीय अंतराची लेन्स वापरून विषयवस्तूपासून दूर जावे लागते.

वस्तूची उंची चंद्रबिंबाएवढी दिसण्यासाठी तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतर लागते. २० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे अंतर सुमारे २.२ किलोमीटर येते. एवढ्या अंतरावर छायाचित्रकार २० मीटर बाजूला सरकला, तर चंद्र मनोऱ्यापासून स्वतःच्या पूर्ण व्यासाइतका ढळतो. चंद्र स्वतःही साधारण दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका सरकतो. त्यामुळे जागा आणि वेळ या दोहोंत चुकीला फारच कमी वाव असतो.

गणनेतील सामान्य चुका

छापील वेळ व स्थानिक वेळ: भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशावर आधारित आहे. रेखांशातील प्रत्येक अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईसाठी दिलेली सूर्योदयाची वेळ नागपूरला वापरल्यास संपातदिनाच्या सुमारास सुमारे २५ मिनिटांची चूक होते.

क्षितिज: सारण्यांतील उदयास्ताच्या वेळा समुद्रासारख्या सपाट क्षितिजासाठी असतात. समोरचा डोंगर ३° उंच असल्यास महाराष्ट्रात संपातदिनी सूर्य सुमारे १३ मिनिटे उशिरा दिसतो. तोवर तो सुमारे १° दक्षिणेकडे, म्हणजे स्वतःच्या दोन व्यासांइतका, सरकलेला असतो. सह्याद्रीच्या परिसरात केवळ सूर्योदयाचा दिगंश पाहून जागा निवडल्यास योग हुकण्याचे हे प्रमुख कारण ठरते.

चुंबकीय उत्तर: होकायंत्र भौगोलिक नव्हे, तर चुंबकीय उत्तर दाखवते. महाराष्ट्रात हा फरक १° पेक्षा कमी असला, तरी न्यूयॉर्कमध्ये तो १२° हून अधिक आहे.

उल्लेखनीय उदाहरणे

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र पूर्वनियोजित नव्हते. प्रकाशमापक सापडत नसताना चंद्राच्या तेजस्वितेचा ठाऊक असलेला आकडा आधार मानून त्यांनी एक्स्पोजर ठरविले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच कबरस्तानातील क्रुसांवरचे ऊन सरले. या चित्राची तारीख अ‍ॅडम्स यांच्या नोंदींत निश्चित नव्हती. चित्रातील चंद्राच्या स्थानावरून डेव्हिड एल्मोर यांनी प्रथम ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस डी चिको यांच्या स्वतंत्र गणनेतून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे ही वेळ निष्पन्न झाली.

अ‍ॅडम्स यांच्याच योसेमिटीतील ग्लेशियर पॉइंटवरून घेतलेल्या ‘ऑटम मून’ या चित्राची तारीख टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या डोनाल्ड ओल्सन व सहकाऱ्यांनी १५ सप्टेंबर १९४८ अशी निश्चित केली. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. या चक्राची तीन आवर्तने, म्हणजे ५७ वर्षे, पूर्ण झाल्यावर १५ सप्टेंबर २००५ रोजी तेथे तसाच योग पुन्हा आला.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील आडवे रस्ते पूर्व-पश्चिम दिशेशी सुमारे २९° चा कोन करतात. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास मावळता सूर्य या रस्त्यांच्या रेषेत येतो. नील डीग्रास टायसन यांनी या घटनेसाठी ‘मॅनहॅटनहेंज’ हे नाव प्रचलित केले.

कोल्हापूरच्या पश्चिमाभिमुख महालक्ष्मी (अंबाबाई) मंदिरातील किरणोत्सवामागेही हेच भूमितीय तत्त्व आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या परंपरागत तारखांना मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. हिवाळी अयनदिनाच्या दोन्ही बाजूंच्या या तारखांना सूर्य जवळजवळ एकाच दिगंशावर मावळतो. ढग, धूलिकण किंवा किरणांच्या मार्गातील बांधकामे यांमुळे काही वेळा किरणे मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत.

साधने

पूर्वी छायाचित्रकार पंचांग, स्थलवर्णनात्मक नकाशा, होकायंत्र आणि कोनमापक यांच्या साहाय्याने नियोजन करीत. आता ‘द फोटोग्राफर्स एफेमेरिस’ आणि ‘फोटोपिल्स’ यांसारखी उपयोजने नकाशावरच दिगंशरेषा दाखवितात. ‘स्टेलेरियम’ या मुक्त संगणकप्रणालीत कोणत्याही स्थळाचे आणि वेळेचे आकाश पाहता येते. साधन कोणतेही असले, तरी आधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन क्षितिज आणि अडथळे तपासणे आवश्यक असते.

मर्यादा व सुरक्षितता

गणना ज्योतीचे स्थान सांगते, तिचे दर्शन होईल याची खात्री देत नाही. पावसाळी ढग, धुके आणि धूसरपणा यांचा अंदाज ऐनवेळीच घ्यावा लागतो. क्षितिजालगत वातावरणीय अपवर्तनामुळे बिंब प्रत्यक्ष स्थानाहून सुमारे अर्धा अंश वर दिसते आणि तापमानानुसार या आकड्यात बदल होतो. दीर्घ नाभीय अंतराच्या लेन्समधून, विशेषतः प्रकाशीय दृश्यदर्शकातून, सूर्याकडे पाहिल्यास डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. त्यासाठी लेन्सच्या पुढच्या बाजूस प्रमाणित सौरगाळणी बसवावी लागते.