नागपूरचा भोसलेवाडा

नागपुरातील इतवारी ही जुनी व्यापारी पेठ. इतवारच्या बाजारावरून तिला हे नाव पडले. तिच्या शेजारच्या भागास ‘महाल’ म्हणतात, ते भोसल्यांच्या राजवाड्यावरून. तो मूळ वाडा आता नाही. त्याची हकिकत मात्र जाणून घेण्याजोगी आहे.

अठराव्या शतकात पहिल्या रघूजीराजांनी नागपुरास गादी स्थापन केली. त्या घराण्याचा हा वाडा काळ्या पाषाणाचा होता. आत लाकडावर अप्रतिम कोरीव काम होते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई भोसल्यांनी गमावली, तरी त्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी शहर सोडले नाही. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला केला, तोही फसला. पुढे बोलणी होऊन अरब बाहेर पडले.

तोफांना जे जमले नाही ते कागदाने केले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजीराजे निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वृद्ध राणी बांकाबाईसाहेब यांनी वाड्यातील सामान हलवाल तर वाड्यास आग लावीन, असे बजावले होते, असे इंग्रज इतिहासकार के यानेच लिहून ठेवले आहे. तरीही सामान हलविले गेले. १८५८ साली बांकाबाई निवर्तल्या.

सहा वर्षांनी, १८६४ साली, वाडा खरोखरच आगीत सापडला. ज्या कोरीव लाकडाने त्याची शोभा वाढविली होती, तेच जळून गेले. महाद्वारावरील नगारखाना तेवढा वाचला.

वाडा जळाला १८६४ साली, पण तो पोरका झाला होता १८५४ सालीच. त्याची सारी मालकी एका गादीशी बांधलेली होती. गादी गेली आणि त्याची काळजी वाहणाऱ्यांच्या हाती काहीच अधिकार उरला नाही. गावाच्या देवळाचे तसे नसते. तेथे एक तुळई कोणी देतो, एक फरशी कोणी देतो, कोणी अंगमेहनत करतो. म्हणून एक घर बुडाले तरी देऊळ पोरके होत नाही. ज्यांनी या जीर्णोद्धारास यथाशक्ति हातभार लावला, त्यांनी हीच राखण पुढच्या पिढीच्या हाती सोपविली आहे.