शेजारच्या घराला काय किंमत आली?

शेजाऱ्याचे घर कितीला गेले, हे कुतूहल जगभर सारखेच. आपल्याकडे ते तिठ्यावरच्या गप्पांत भागते. अमेरिकेत त्यासाठी फेब्रुवारी २००६ मध्ये ‘झिलो’ ही वेबसाईट निघाली. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना ‘एक्सपिडिया’ काढणारे रिच बार्टन आणि त्यांचे जुने सहकारी लॉइड फ्रिंक हे तिचे जनक. पत्ता टाकला की किंमत हजर! तिचे नाव ‘झेस्टिमेट’. पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की साईट कोलमडली.

यंत्राने घर पाहिलेले नसते, ते पाहते दप्तर. तिथल्या काउंटी कचेऱ्यांत खरेदीखते, क्षेत्रफळ, खोल्या, घरपट्टीची आकारणी हे सारे लोकांना खुले असते. त्यावरून आणि आजूबाजूच्या विक्रीवरून गणित मांडले जाते. आता आमच्यासारख्या सरकारी कारकुनांना ठाऊक असते की दप्तरातले घर आणि माणसे राहतात ते घर यांत पुष्कळ अंतर असते. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ पासून आकारणी खरेदीच्या किमतीला बांधलेली आहे आणि ती वर्षाला फार तर २ टक्के वाढते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांच्या आकारणीत कित्येक पटींचा फरक असू शकतो. टेक्सासमध्ये तर विक्रीची किंमत सरकारला कळवण्याची सक्तीच नाही. तिथे यंत्राने कशावरून शिकायचे?

सुरुवातीला चूक सुमारे १४ टक्के होती, असे कंपनीच सांगते. हा आकडा मध्यक आहे, म्हणजे निम्म्या घरांच्या बाबतीत चूक याहूनही मोठी. तीन लाख डॉलरच्या घरामागे १४ टक्के म्हणजे ४२ हजार डॉलर! पुढे हिशेब सुधारला. २०१७ मध्ये तो आणखी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली गेली आणि २०१९ मध्ये तीन देशांतल्या तिघांच्या संघाने ती जिंकली. अलीकडे कंपनी विक्रीला लावलेल्या घरांसाठी सुमारे २ टक्के आणि इतर घरांसाठी सुमारे ७ टक्के चूक सांगते. हा फरक का, तेही पाहावे. घर विक्रीला लागले की मालकाने मागितलेली किंमत यंत्राला कळते आणि अंदाज तिच्याकडे सरकतो. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून मिळवलेले हे गुण, असे माझे मत.

सर्वांत बोलका दाखला खुद्द कंपनीच्या घरातला आहे. २०१६ मध्ये झिलोचे तेव्हाचे मुख्याधिकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी सिएटलमधले आपले घर साडेदहा लाख डॉलरना विकले. दुसऱ्या दिवशी झेस्टिमेट होते साडेसतरा लाख! इलिनॉयमधल्या काही घरमालकांचे गाऱ्हाणे उलटे होते. कमी अंदाजामुळे गिऱ्हाईक बिथरते, म्हणून २०१७ मध्ये ते कोर्टात गेले. २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितले, की अंदाज हे मत आहे, त्यावर दावा चालत नाही.

मत फुकट असते तोवर ठीक. २०१८ मध्ये झिलोने स्वतःच घरे विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा सुरू केला. फेब्रुवारी २०२१ पासून तर काही शहरांत झेस्टिमेट हाच पहिला रोख देकार ठरला. इथे खरी मेख आहे. कुठले छप्पर गळते आणि शेजारी कसा आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. यंत्राने किंमत कमी सांगितली तर तो हसून नकार देतो, जास्त सांगितली तर लगेच सही करतो. म्हणजे चुका दोन्हीकडे सारख्या झाल्या, तरी जास्त भावाने घेतलेली घरेच गळ्यात पडणार. त्यात बाजाराचा वेग बदलला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने घरांच्या साठ्यापोटी ३० कोटी डॉलरहून अधिक तोटा दाखवला, हा धंदा गुंडाळला आणि सुमारे चौथाई नोकरवर्ग कमी करण्याचे जाहीर केले. किमतींचे भाकीत वाटले त्याहून कितीतरी बेभरवशाचे निघाले, अशी कबुली बार्टन यांनी दिली.

झेस्टिमेट मात्र बंद झाले नाही. दहा कोटींहून अधिक घरांवर ते आजही झळकते, आणि हे अधिकृत मूल्यांकन नव्हे, अशी सूचना कंपनीच देते. रात्री जेवणानंतर शेजाऱ्याचा पत्ता टाकून बघणारे ती वाचत असतील, असे मला तरी वाटत नाही.